हार्बरो म्हणजे बंदर नव्हे : इंग्लंडच्या जुन्या जन्मनोंदी घरबसल्या दाखवणाऱ्या सेवेबद्दल

आमच्या घरात एक प्रार्थनापुस्तक आहे. कातडी बांधणीचं, कणा उसवलेला, आईनं तो पांढऱ्या दोऱ्यानं दोनदा शिवलेला. पहिल्या कोऱ्या पानावर तपकिरी पडलेल्या शाईत आईकडच्या खापरपणजोबांचं नाव आहे, खाली २९ नोव्हेंबर १८४२ ही तारीख, आणि त्याखाली गावाचं नाव. ते पुरतं लिहिलेलं नाही. 'मार्केट'ची दोन-तीन अक्षरं, मग 'हार्बर' आणि पुढं एक ओ. एवढ्या एका शब्दावरून आमच्याकडं चार पिढ्या सांगत आल्या की ते बंदरावरचे, खलाशी होते; मुंबईला जहाजावरून उतरले आणि रेल्वेत लागले. आजोबांनी आईला सांगितलं, आईनं मला. मी शाळेत निबंधातही तसंच लिहिलं होतं.

ते खलाशी नव्हते. मार्केट हार्बरो हे इंग्लंडच्या पार मध्यावर, लेस्टरशर परगण्यात आहे आणि समुद्र तिथून लांब आहे. हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. ते कुणाचे कोण, हे कळलं ते इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी ठेवणाऱ्या कचेरीच्या संकेतस्थळावरून, तीन पौंडांत. आपले साडेतीनशेच्या आतबाहेर रुपये. त्या सेवेबद्दल लिहिते आहे. सोलापुरात रेल्वे लाईन्सच्या बाजूला, दौंडला, भुसावळला आमच्यासारखी आणखी घरं आहेत. भिंतीवर एखादा गोरा माणूस फोटोत आहे आणि त्याच्या मागचं कुणालाच काही ठाऊक नाही. ही सेवा त्यांनी जरूर वापरावी.

लहानपणी आमच्या शेजारी एक लिंगायत कुटुंब राहायचं. त्यांच्याकडं चार-पाच वर्षांनी हेळवी यायचा. ओसरीवर बसायचा, वही उघडायचा आणि त्यांच्या कुळाची नावं घडाघडा म्हणायचा. कुठून आले, कोण कुठं नांदायला गेली, कुणाला किती मुलं, सगळं. काकू नव्या नातवंडाचं नाव सांगायच्या, तो लिहून घ्यायचा आणि धान्य, धोतर घेऊन पुढच्या घरी जायचा. मी आमच्या दारात उभी राहून ऐकायचे. आपल्याकडं का येत नाही असं विचारलं की आई म्हणायची, "आपलं कोण लिहून ठेवणार गं?"

लिहून ठेवलेलं होतं. इंग्लंडात १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यू सरकारी वहीत जाऊ लागले. ठिकठिकाणच्या निबंधकांनी दर तिमाहीला नोंदींची नक्कल लंडनला पाठवायची आणि तिथं त्यांची सूची व्हायची. त्याच्या आधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. त्या १५३८ पासून सुरू होतात. म्हणजे विणकराचं पोर असो की जमीनदाराचं, नोंद एकाच वहीत, एकाच मापाच्या ओळीत.

पण एकदम इंग्लंडच्या वहीला हात घालू नका. आधी आपल्याकडचं टोक पक्कं करायला लागतं, नाहीतर एका नावाची पन्नास माणसं निघतात. माझं टोक 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'च्या सूचीत सापडलं. हे स्वयंसेवकांचं काम आहे आणि सूचीत शोधायला पैसे लागत नाहीत. मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांनी लावलेली लग्नं, बाप्तिस्मे आणि दफनं यांच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या खुणेखाली ठेवलेल्या आहेत. एक लक्षात ठेवा, आजच्या स्पेलिंगनं सोलापूर टाकलं तर हाती काही लागणार नाही. 'एस'च्या पुढं 'एच' लावून 'शोलापूर' टाका. माझे दोन दिवस त्यात गेले.

लग्न १८७१ चं निघालं. नवरा : वय २८, ड्रायव्हर, जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे, पुढं त्याच्या वडिलांचं नाव. जी.आय.पी.ची गाडी सोलापुरात १८६० ला आली आणि १८७१ ला रायचूरजवळ मद्रासकडून येणाऱ्या रेल्वेला जाऊन मिळाली. इंजिनं चालवायला तेव्हा तिकडून माणसं आणत, त्यातलेच हे एक. नवरीचं मात्र नुसतं बाप्तिस्म्याचं नाव आहे. वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ. ती आमची खापरपणजी, इथलीच. ती रेघ मी बराच वेळ बघत बसले होते.

असो. बापाचं नाव हाती आल्यावर इंग्लंडची जनगणना. ती १८४१ पासून दर दहा वर्षांनी झाली. १८४१ ची फारशी कामाची नाही, कारण मोठ्या माणसांची वयं पाचच्या पटीत खाली ओढून लिहिली आहेत आणि जन्मगावाच्या जागी याच परगण्यातला का, हो किंवा नाही, एवढंच. खरा माल १८५१ पासून : घरातली सगळी माणसं, नातं, वय, धंदा, जन्मगाव. ३० मार्च १८५१ च्या पानावर मला आमचा मुलगा भेटला. वय ८, धंद्याच्या जागी 'स्कॉलर', म्हणजे शाळेत जाणारा. बापाच्या नावापुढं 'कार्पेट वीव्हर'.

गालिचे विणणारा! ज्या पलंगावर बसून मी हे वाचत होते त्यावर सोलापुरी चादर अंथरलेली होती. आमचं सगळं गाव मागावर उभं राहिलेलं. १८७७ ची जुनी मिल, पूर्वभागातली पद्मशाली घरं, टॉवेल, जेकार्ड, चादरी. आणि आम्ही मात्र शंभर वर्षं समुद्राच्या गोष्टी सांगत होतो. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, म्हणजे आपण विणकरच की!" मला बोलवेना.

पुढं अडलं. मुलाचं जन्मगाव त्याच पानावर 'लिटल बोडन' लिहिलेलं, आणि परगणा नॉर्थहॅम्प्टनशर. मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक. मी दोन महिने लेस्टरशरच्या बाप्तिस्म्यांत शोधत राहिले. चूक माझीच होती. हार्बरो वेलंड नदीच्या काठी आहे आणि तेव्हा ती नदीच परगण्याची हद्द होती. नदीच्या पलीकडचं लिटल बोडन चालत जाण्याच्या अंतरावर, पण परगणा दुसरा. ते लेस्टरशरला जोडलं गेलं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. त्यामुळं त्या काळच्या कागदांत लिटल बोडन नॉर्थहॅम्प्टनशरखाली, तर हार्बरो लेस्टरशरखाली. अक्कलकोट ओलांडून गेलं की पुढच्या गावाचे जुने कागद कर्नाटकात शोधायला लागतात, तसंच हे. हे मला आधीच सुचायला हवं होतं, आपण तर हद्दीवरचीच माणसं.

इथं जनरल रजिस्टर ऑफिसची सेवा कामाला आली. जन्मनोंदीचा विभाग परगण्याची हद्द मानत नव्हता. नदीच्या दोन्ही काठांची नोंद मार्केट हार्बरो विभागातच. संकेतस्थळावर खातं उघडायचं, ते फुकट. सूचीत शोधायचं, तेही फुकट. आडनाव, मुलगा की मुलगी, साल आणि त्याच्या मागंपुढं दोन वर्षं, एवढं टाकायचं. आडनाव इथं देत नाही, त्या नावाची माणसं तिकडं आजही असतील.

त्या दोन-तीन वर्षांत एकाच नावाची, एकाच आडनावाची दोन मुलं निघाली.

आता या सेवेची जी खरी थोरवी आहे ती सांगते. इंग्लंडच्या जन्मांची जुनी सूची 'फ्रीबीएमडी' या स्वयंसेवी संकेतस्थळावर फुकट शोधता येते आणि तीही उत्तम आहे. पण त्या जुन्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव यायला लागलं ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून. जनरल रजिस्टर ऑफिसनं मूळ नोंदींवरून नव्यानं सूची केली, तीत माहेरचं आडनाव अगदी १८३७ पासून दिलं आहे. मुलाच्या नावासमोर त्याच्या आईचं माहेर! जिथं त्या जागी नुसती रेघ असते, तिथं बहुतेक वेळा आईचं लग्न झालेलं नसतं. मृत्यूच्या सूचीतही असंच : जुन्या सूचीत वय १८६६ पासून, नव्या सूचीत पहिल्यापासून.

मग मी असं केलं. जनगणनेच्या पानावर मुलाच्या पाठची एक बहीण होती, पाच वर्षांची. तिचं नाव सूचीत शोधलं, तिच्या आईचं माहेर बघितलं. दोघा मुलांपैकी एकाच्या आईचं माहेर तेच. दुसरा मुलगा मृत्यूच्या सूचीत मिळाला, १८४४, वय १. दोन्ही शोध फुकटात झाले. बिचारं ते पोर कुणाच्या तरी घरातलं होतंच, पण आमचं नव्हतं.

आणखी एक गोम आहे, ती कुणी सांगत नाही. सूचीतली तिमाही ही नोंद झाल्याची असते, जन्माची नव्हे. नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती. आमचे खापरपणजोबा २९ नोव्हेंबर १८४२ चे, म्हणून मी १८४२ ची डिसेंबर तिमाही उलटीपालटी केली. ते सापडले १८४३ च्या मार्च तिमाहीत. आईबापांनी मुदतीच्या आत, पण नवं साल लागल्यावर नोंद केली होती.

मग तीन पौंड. कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, ते बँकेत जाऊन सुरू करून घेतले. डिजिटल प्रतिमा असा पर्याय निवडायचा. पीडीएफला जास्त पैसे आणि काही दिवस लागतात, कागदी दाखल्याला त्याहून जास्त. आपल्याला वाचायचंच तर आहे, प्रतिमा पुरते. पैसे भरल्यावर ती लगेच पडद्यावर आली.

मी एकतीस वर्षं पोस्टात होते, त्यातली बरीचशी पत्रं वेगळी करण्याच्या टेबलावर. वाकडंतिकडं अक्षर वाचणं हा माझा धंदाच. तरी हात थरथरत होता. एक ओळ, दहा रकाने. पहिल्यात 'ट्वेंटी-नाइन्थ नोव्हेंबर १८४२, लिटल बोडन'. प्रार्थनापुस्तकातलीच तारीख, दिवसाचाही फरक नाही. पुढं नाव, मुलगा, बापाचं नाव, मग आईचं नाव आणि माहेरचं आडनाव. त्या आडनावाचा अर्थ मेंढपाळ असा होतो. आपल्याकडं धनगर म्हणतील. बापाचा धंदा 'कार्पेट वीव्हर'. आणि सातव्या रकान्यात, नोंद कुणी दिली तिथं, एक फुली. तिच्या दोन्ही बाजूंना लिहिलेलं : अमुकची निशाणी, आई, लिटल बोडन.

पोस्टात मी किती अंगठे घेतले असतील! मनीऑर्डर आली की म्हातारी काउंटरवर यायची, तिचा अंगठा शाईच्या पॅडवर धरायचा, फॉर्मवर टेकवायचा, शेजारी साक्षीदाराची सही. आपल्या जुन्या कागदांवर शेतकरी सहीच्या जागी नांगर काढायचा, 'निशाणी नांगर' असं लिहिलेलं असायचं. तिकडं फुली. बाळंतपणातून उठलेली बाई सहाव्या आठवड्यात निबंधकापुढं गेली, बोलली, आणि फुली काढून आली.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण मी स्वतः फसले होते. ती फुली तिच्या हातची नाही. लंडनच्या वहीत आहे ती स्थानिक वहीची नक्कल. एकाच कारकुनी अक्षरात सगळी ओळ, फुलीसुद्धा त्याचीच. तिच्या हातची खूण बघायची तर चर्चमधली लग्नाची नोंद गाठावी लागते, कारण त्या वहीत नवरा-नवरीनं स्वतः सही केलेली असते. जनरल रजिस्टर ऑफिसच्या या ऑनलाइन शोधात लग्नं येत नाहीत, जन्म आणि मृत्यूच. लग्नासाठी फ्रीबीएमडी, आणि चर्चच्या वह्यांसाठी वर्गणीची संकेतस्थळं नाहीतर अभिलेखागार. मी महिन्याची वर्गणी भरून बघितलं. १८४० चं लग्न. नवऱ्यानं सही केली आहे, अक्षरं मोठी, एकेक सुटं. तिची फुली खाली घसरलेली, एक रेघ जाड, दुसरी शाई संपत आल्यासारखी बारीक. ही तिची.

गावाबद्दलही थोडं लिहिते, कारण गाव कळल्याशिवाय नोंदी मुक्या राहतात. इंग्लंडात 'मार्केट टाउन' म्हणजे आठवडी बाजाराचा हक्क मिळालेलं गाव. हार्बरो म्हणजे त्या भागातली बार्शी म्हणा. बाजाराचा दिवस शतकानुशतकं मंगळवार. आमच्या मंगळवार पेठेच्या नावातच तो वार आहे, मला त्याचं फार अप्रूप वाटलं. गावाच्या मधोमध सेंट डायोनिसियसचं चर्च, उंच मनोऱ्याचं, आणि शेजारी १६१४ ची शाळा लाकडी खांबांवर उभी. वर वर्ग आणि खाली पावसापाण्यात बाजाराला आडोसा. आमचा मुलगा रोज त्या खांबांजवळून गेला असेल. चर्चला स्वतःची दफनभूमी नाही. गावची माणसं सेंट मेरी इन आर्डन इथं पुरली जात. चर्चभोवती पूर्वजांची थडगी शोधू जाल तर हात हलवत परत याल.

गावात रेल्वे १८५० ला आली, तेव्हा तो सात वर्षांचा होता. १८६१ च्या जनगणनेत १८ वर्षांचा, 'इंजिन क्लीनर'. बापाचा माग सोडून इंजिन पुसायला लागला. त्याच गावात राहून गेलेला थॉमस कुक १८४१ साली हार्बरोहून लेस्टरकडं पायी निघाला होता आणि रेल्वेनं माणसांच्या सहली न्याव्यात हे त्याला त्या वाटेवर सुचलं. त्याच वर्षी ५ जुलैला त्यानं लेस्टर ते लफबरो पहिली सहल नेली. मुलाची धाकटी बहीण १८८१ ला 'स्टे' कारखान्यात कामाला दिसते. 'स्टे' म्हणजे बायकांची ताठ पट्ट्यांची आतली चोळी. सिमिंग्टन यांचा तो कारखाना पुढं खूप मोठा झाला, आणि त्याच इमारतीत आता गावचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. १८८१ ची ही जनगणना 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, तेही फुकट. इतके मोठे की घरन्‌घर दिसतं. लिटल बोडनपासून नदी ओलांडून बाजारापर्यंतची वाट मी त्या नकाशावर बोटानं चालले.

आता एक तक्रार, नाव न घेता. हे सगळं करण्याआधी मी एका माणसाला पैसे दिले होते. वंशावळ काढून देतो म्हणाला, साठ पौंड घेतले. दीड महिन्यानं एक सुबक झाड पाठवलं, पानाफुलांच्या चौकटीत. त्यात आमच्या खापरपणजोबांना ज्या आईबापांच्या पदरात घातलं होतं, ते त्या १८४४ ला वारलेल्या बाळाचे आईबाप होते. कुणीतरी आधी कुठं तरी चुकीचं लावलेलं झाड त्यानं तसंच उचललं. मृत्यूची सूची उघडायला दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत, तेवढंही केलं नाही. वर्षभर तो कागद मी काच लावून भिंतीवर ठेवला होता, आणि रोज उदबत्ती लावताना दुसऱ्याच घरातल्या बाईचं नाव घेत होते. याचा मला अजून राग आहे. म्हणून कळकळीनं सांगते, तयार झाड घेऊ नका. मूळ ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अक्षर लागत नसेल तर घरातल्या एखाद्या जुन्या मास्तरांना, पोस्टातल्या, तलाठी ऑफिसातल्या माणसाला दाखवा.

सेवेच्या मर्यादा आहेतच. शोधताना एका वेळी मागंपुढं दोनच वर्षं मिळतात, मुलगा की मुलगी हे ठरवल्याशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणून तोच शोध पुन्हा पुन्हा करायला लागतो. नोंद सक्तीची करणारा कडक कायदा १८७५ पासून लागू झाला, त्यामुळं आधीची काही मुलं सूचीत नसतातच. तेव्हा बाप्तिस्मा बघायचा. संकेतस्थळ इंग्रजीत आहे, पण भाषा साधी आहे. भाच्यानं मला एकदा दाखवलं, मग मी एकटी करू लागले. घेतलेल्या प्रतिमा लगेच आपल्याकडं जपून ठेवाव्यात; मी त्या छापून प्रार्थनापुस्तकाच्या शेजारी ठेवल्या आहेत.

त्या मेंढपाळ आडनावाच्या बाईचं पुढं काय झालं, ते अजून लागलेलं नाही. २ एप्रिल १८७१ च्या जनगणनेत ती आहे, विधवा, मुलीबरोबर राहते. ३ एप्रिल १८८१ ला नाही. त्या दहा वर्षांत हार्बरो विभागात तिच्या नावाचे तीन मृत्यू आहेत. वयावरून एक कटला. मृत्यूंच्या प्रतिमा १८८७ पर्यंत मिळतात, तेही तीन पौंडांतच. एक या महिन्याच्या पेन्शनमधून काढते आहे, दुसरी पुढच्या.